श्रावणातलं म्हाकूल

आमच्या घरात मटणाला वास नव्हता. वास फक्त मासळीला होता. रविवारी सकाळी पातेल्यात मटण रटरटायला लागलं की आई देवघरातूनसुद्धा म्हणायची, "काय घमघमाट सुटलाय!" आणि माझ्या बायकोनं कधी सुकटीची पुडी नुसती उघडली तरी तीच आई तोंडाला पदर लावायची. बायको एकदा हसत हसत म्हणाली होती, "तुमचा बोकड काय अत्तर लावून येतो?" आईला ते ऐकू गेलं. आई हसली नाही, पण रागावलीही नाही. एवढंच म्हणाली, "तुझं ते परड्यात शिजव बाई. घरात नको."

तेव्हापासून तो नियम झाला. कसबा बावड्यातल्या आमच्या घरामागं लहानसं परडं आहे. तिथं पत्र्याच्या आडोशाला एक स्टोव्ह, एक वेगळं पातेलं आणि एक वेगळी पळी ठेवलेली असे. बायकोचं माहेर गगनबावड्याचा घाट उतरून पार खाली, समुद्राकाठी. तिथून ती मटणवाल्यांच्या घरात आली आणि परड्यात बसून मासळी शिजवायला लागली. तिनं कधी तक्रार केली नाही. मीही कधी म्हटलं नाही की आत शिजव. माझा स्वभावच तसा. बोलावं लागेल अशी वेळ आली की मी चप्पल घालून बाहेर पडतो.

म्हाकूल, म्हणजे हॉटेलात स्क्विड म्हणतात तो प्रकार, मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहिला. बायकोच्या वडिलांनी एसटीनं येताना बर्फात घालून आणलं होतं. पांढऱ्या फटक पिशवीसारखं अंग, पुढं पायांचा झुबका, आत काचेसारखी एक पट्टी आणि काळ्या शाईची इवलीशी थैली. आई लांबूनच म्हणाली, "ह्याला डोळं हायत की रं!" बायकोनं ते असं सोललं, जशी आपण केळ्याची साल काढतो.

त्यांच्याकडं म्हाकूल खोबऱ्याच्या वाटणात, कोकम घालून करतात. पण त्या दिवशी घरात कोकम संपलेलं होतं, आणि आमच्या मळ्यात त्या साली टोमॅटो एवढे आलेले की पुढच्या खोलीत, सोप्यात, बुट्ट्यांवर बुट्ट्या रचलेल्या. ती म्हणाली, "आंबट हवं ना? मग हे आहे की." तो 'की' ती आमच्याकडूनच शिकली होती. तेलात भरपूर ठेचलेला लसूण, बारीक कांदा, मग टोमॅटो, तेल सुटेपर्यंत. त्यावर आमची कांदा-लसणाची तिखट चटणी, हात न आखडता. रस्सा असा पूर्ण शिजवून घ्यायचा आणि म्हाकूल अगदी शेवटी टाकायचं. गोल चकत्या जरा आखडल्या, पांढऱ्या झाल्या की लगेच खाली.

असं म्हाकूल तिच्या गावात कुणी करत नव्हतं आणि आमच्यात तर कुणी नावही ऐकलं नव्हतं. ते फक्त आमच्या परड्यातलं होतं. पुढं मुलगी झाली, मोठी झाली. त्या चकत्या बोटांत अंगठ्यांसारख्या घालून एकेक खायची आणि रस्सा भाकरीला लावून ताट पुसून काढायची. मटणाच्या रविवारी ती भांडून उठायची, म्हाकुलाच्या दिवशी मात्र तिला हाक मारावी लागत नसे.

माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे. मटण ही आमच्याकडं बाप्यांची विद्या. शेतातली पार्टी असो, जत्रा असो, तालमीचं जेवण असो, पातेल्याशी मीच. मटणाचा एकच मंत्र, घाई करायची नाही. "शिजू दे की. मुरू दे की. कुठं गाडी चुकतीया तुझी?" असं म्हणत आम्ही पातेल्याभोवती बसून राहायचो. एकदा बायको तापानं आडवी होती. मी म्हटलं, आज म्हाकूल मी करतो. केलं, आणि आपल्या मटणाच्या हिशेबानं कुकरला लावून दोन शिट्ट्या काढल्या. ताटात वाढल्यावर मुलगी चावून चावून दमली आणि म्हणाली, "पप्पा, हे चपलेचं केलंय?" बायको तापातसुद्धा हसून हसून पोट धरायला लागली. "अहो, मासळीक मटणासारखा शिजवतत काय कोण? रबर होतला नाय तर काय!" हसताना तिच्या तोंडात माहेरची भाषा यायची. ती हसू लागली की मला वाटायचं, आपलं बरं चाललंय.

मग तिच्या पोटात दुखायला लागलं. आम्ही आधी पित्त समजलो. तपासण्या झाल्या, ऑपरेशन झालं, सलाइनमधून ती औषधं झाली. केस गेले, तोंडाची चव गेली. वरण तिला मातीसारखं लागायचं, दूध लोखंडासारखं. पावसाळ्यात डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. दार लावलं, खुर्ची जवळ ओढली आणि म्हणाले, "आता घरी न्या. औषधं दुखणं कमी करण्यापुरतीच. पथ्य काही नाही. जे मागतील ते द्या."

त्या शेवटच्या वाक्याचा अर्थ मला कळला होता. कळला म्हणूनच मी ते कुणाला सांगितलं नाही. आईला सांगितलं नाही, मुलीला सांगितलं नाही. बायकोला तर प्रश्नच नाही. घरी येताना रिक्षात तिनं विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हटलं, "विश्रांती घ्या म्हणाले."

श्रावण लागला. आमच्या घरात श्रावण कडक. आई सोमवार, शनिवार धरायची, आणि महिनाभर तर मटण नाहीच, अंड्याचं टरफलसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नसे. त्यात श्रावण संपतो न संपतो तो गणपती. आमच्या गल्लीत घराला घर लागून आहे. एका घरात कांदा परतला तरी चौथ्या घरात कळतं.

नारळी पौर्णिमा झाली, हे बायकोला कुठून तरी उमगलं. ती खाटेवर पडल्या पडल्या म्हणाली, "आता बोटी गेल्या असतील नाही हो समुद्रात?" मी म्हटलं, "गेल्या असतील." तिनं खिडकीकडं तोंड वळवलं. मग म्हणाली, "म्हाकूल खावंसं वाटतं. त्या टोमॅटोतलं. तुम्ही केलं तरी चालेल, रबर झालं तरी चालेल."

कितीतरी दिवसांनी तिनं काहीतरी खावंसं वाटतं असं म्हटलं होतं. आणि मी म्हटलं, "डॉक्टर नको म्हणालेत. मासळी पोटाला जड जाते."

ती म्हणाली, "बरं."

एवढंच. बरं. मी पाण्याचा तांब्या भरायला म्हणून उठलो आणि बाहेर जाऊन उभा राहिलो.

तेव्हा का खोटं बोललो, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. श्रावण होता. आई होती. गल्लीत वास गेला असता आणि भावकी म्हणाली असती, घरात माणूस आजारी असताना ह्यांनी श्रावण मोडला. हे सगळं खरं. पण त्याहून आतलं एक होतं. श्रावणात म्हाकूल शिजवायचं म्हणजे ती श्रावण संपेपर्यंत थांबणार नाही हे कबूल करायचं. मी मनात धरून चाललो होतो की आपण श्रावण नीट पाळू, मग गणपती, मग गौरी जाऊ देत, मग तिला हवं तेवढं म्हाकूल आणू. पुढचा बेत ठरवला की माणूस तिथपर्यंत पोचतं असं काहीतरी. पण हेही कारण मी मागाहून शोधलं असेल. त्या क्षणी नुसती भीती होती, आणि तोंडाला आलं ते मी बोललो.

त्याच आठवड्यात मुलीचा पुण्याहून फोन आला. ती तेव्हा तिथं शिकत होती. "पप्पा, मम्मी म्हणत होती म्हाकूल खावंसं वाटतंय. येताना घेऊन येऊ का?" मी तेच खोटं तिलाही सांगितलं. "नको, डॉक्टर नको म्हणालेत." ती म्हणाली, "असले कसले डॉक्टर?" आणि ती रिकाम्या हातानं आली.

गणपती यायच्या आधीच बायको गेली. सुतक लागलं आणि ज्या घरानं श्रावण एवढा सांभाळला त्या घरात त्या वर्षी गणपती बसला नाही. मखर माळ्यावरच राहिलं. गल्लीत आरत्या चालल्या होत्या आणि आम्ही सोप्यात जमखान्यावर बसून होतो. भेटायला आलेल्या बायकांना मुलगी रडत रडत सांगत होती, "शेवटी तेवढं एक मागितलं मम्मीनं. डॉक्टरांनी तेवढंही खाऊ दिलं नाही." मी तिथंच बसलो होतो. 

 दिवाळी झाल्यावर एक दिवस मी मळ्यातून आलो, पाय धुतले, तर आई उंबऱ्याशी बसली होती. म्हणाली, "डाक्टर कशाला न्हाय म्हणंल रं? जाणाऱ्या माणसाला कोण न्हाय म्हणतंय?"

मी पाय पुसत राहिलो.

"तू श्रावणाला भ्यालास. का मला भ्यालास?"

"तसं न्हाई आई."

"मला इचारलं असतंस तर मी काय न्हाय म्हटलं असतं व्हय? परड्यात शिजव म्हटलं असतं. देवाच्या पाया पडायला मी बसली होती की हितं." मग तिनं डोळ्याला पदर लावला. "माझ्या नावावर घातलास तू ते. माझी सून उपाशी गेली माझ्या श्रावणापायी."

तिच्या पायी नव्हे, माझ्या पायी, हे मी तिला म्हणू शकलो नाही. म्हणालो असतो तर तिचं ओझं कमी झालं असतं. आई पुढं दोन पावसाळे काढून गेली. त्या दोन्ही वर्षी तिनं श्रावण धरला नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "झेपत न्हाई आता."

मुलीला मात्र मी काहीच सांगितलं नाही. तिचं शिक्षण झालं, पुण्यातच नोकरी लागली. येणं कमी झालं. आली की एक रात्र राहायची, मोबाइल घेऊन बसायची. विचारलं तेवढं बोलायची. "जेवलीस?" "हो." "ऑफिस कसं चाललंय?" "चाललंय." मला वाटायचं, शहरातली पोरं अशीच. पण फोन ठेवला की मला कळायचं की आपल्याला एकच मुलगी आहे आणि ती हळूहळू आपल्या हातातून सुटत चाललीय. आणि वाटायचं, हे खोटं आपल्या दोघांच्या मध्ये बसलंय, तिला ते दिसत नाही तरी लागत असणार. सांगावं तर ती उरलीसुरलीही जाईल. न सांगावं तर अशीच जाईल.

गेल्या थंडीत ती एका मैत्रिणीच्या लग्नाला आली आणि शनिवारी रात्री घरी थांबली. मी ठरवलं, उद्या सांगायचं. नुसतं बसून मला सांगता येणार नाही हे मला ठाऊक होतं. हाताला काहीतरी काम पाहिजे. म्हणून सकाळी उठून मासळी बाजारात गेलो.

कोकणातून आलेला माल नुकताच उतरला होता. कोळीण मावशी मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "काय पावणं, आज मटणवाल्यानं हाकलून दिलं व्हय?"

"म्हाकूल आहे का?"

"हाय की. कापून देऊ?"

"नको, मी करतो."

"तुम्ही?" तिनं शेजारणीकडं बघून डोळे मिचकावले. "बघा बया, कलियुग आलं. शाई फोडून घर काळं करू नका म्हणजे झालं."

मी घरी येऊन सिंकपाशी उभं राहून म्हाकूल साफ करायला घेतलं. आता आत शिजवलं तरी नको म्हणणारं कुणी नव्हतं. परड्यातला स्टोव्ह केव्हाच भंगारात गेला. मुलगी उठून आली, दारात थांबली. "हे काय?"

"म्हाकूल."

ती आत आली. स्टूल ओढून बसली. मी लसूण ठेचला, कांदा टाकला, टोमॅटो टाकले. तिखट नाकात गेलं तशी ती शिंकली, उठून तिनं खिडकी उघडली. मग म्हणाली, "चटणी अजून घाला. मम्मी जास्त घालायची." बऱ्याच काळानंतर ती मी न विचारता काहीतरी बोलली होती. मी चटणी घातली. रस्सा आटला, कडेनं तेल सुटलं. म्हाकुलाच्या चकत्या टाकल्या, आणि मला वाटलं, आत्ता नाही तर कधीच नाही.

"तुझ्या मम्मीला डॉक्टर नको म्हणाले नव्हते," मी म्हटलं. पातेल्याकडं बघूनच म्हटलं. "म्हाकुलाला. ते मी म्हटलं. श्रावण होता म्हणून. डॉक्टरांनी उलट मला सांगितलं होतं..."

"पप्पा, गॅस बंद करा."

"ऐक तरी."

"ऐकतेय. आधी गॅस बंद करा. वातड व्हायला लागलंय ते."

मी गॅस बंद केला. झाकण ठेवायला गेलो तर ते कट्ट्यावर वाजलं.

"जे मागतील ते द्या," ती म्हणाली. "हेच सांगितलं होतं ना त्यांनी?"

मी तिच्याकडं वळलो. तिचा चेहरा रडवेला नव्हता, रागीटही नव्हता. थकलेला होता.

"तुला कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. तेरावं झाल्यावर मी भांडायला गेले होते त्यांच्याशी. माझी आई शेवटी एक गोष्ट मागत होती, तुम्ही ती का दिली नाही म्हणून. सगळे पेशंट बसलेले, त्यांच्यासमोर ओरडले मी त्यांच्यावर. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, बाळ, मी तसं म्हटलं नव्हतं."

 मी विचारलं, "मग इतकी वर्षं तू काही बोलली नाहीस?"

"तुम्ही बोललात?"

मी फडकं घेऊन कट्टा पुसायला लागलो.

"मला वाटायचं, दिवाळीला सांगतील. मग वाटायचं, वर्षश्राद्धाला सांगतील. आजी गेली तेव्हा तर वाटलं की आज नक्की. तुम्ही चप्पल घालून मळ्यात गेलात. मग मला इथं यावंसंच वाटेना, पप्पा. तुम्ही खोटं बोललात त्याचं मला तेवढं नाही वाटत. घाबरला असाल. पण मी डॉक्टरांना शिव्या देत होते सोप्यात बसून, आणि तुम्ही शेजारी बसून ऐकत होता."

"हो," मी म्हटलं. "ऐकत होतो."

तिनं स्वतः उठून दोन ताटं घेतली. भाकरी मी सकाळीच करून ठेवली होती, जाड झालेली. तिनं वाढलं. आम्ही जमिनीवर बसलो. म्हाकूल वातड झालं होतंच, पण रस्सा तिच्या आईच्या चवीचा होता, निदान जवळपास. मला घास उतरेना. आणि जे मला आयुष्यात सगळ्यात जास्त जाणून घ्यायचं होतं, ते मी विचारलं.

"तिला कळलं असेल का ग? मी खोटं बोलतोय ते?"

ती चावत राहिली. मग पाणी प्यायली.

"ते मला विचारू नका."

"म्हणजे कळलं होतं."

"मी तसं म्हटलं नाही."

"शेवटी तू तिच्याजवळ झोपायचीस. काही बोलली असेल."

"पप्पा." तिनं ताटाकडं बघत म्हटलं. "मला माहीत असलं तरी मी तुम्हाला सांगणार नाही. कळलं होतं म्हटलं तर तुम्ही त्यावर रडत बसाल. नव्हतं कळलं म्हटलं तर सुटाल. दोन्ही नको मला."

ती रागानं बोलली नाही. भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसं बोलली. मी मान खाली घातली. डोळ्यातून पाणी येत होतं ते तिखटाचं नव्हतं, आणि तिला ते दिसत होतं, पण ती उठून जवळ आली नाही. उठून गेलीही नाही. ताटातलं सगळं संपवलं, माझं तसंच राहिलेलं ताट उचललं आणि दोन्ही घासून पालथी घातली.

दुपारी मी तिला स्टँडवर सोडायला गेलो. गाडीवर ती माझ्यामागं बसली होती, एक हात सीटच्या कडेला धरून. पूर्वी ती माझ्या खांद्याला धरायची. पुण्याची गाडी लागलेली होती. बॅग मी उचलली तर तिनं हातातून घेतली.

"पोचलीस की फोन कर."

"करते."

संध्याकाळी फोन आला. "पोचले."

"बरं झालं," मी म्हटलं.  एरवी ती लगेच ठेवते. त्या दिवशी ठेवला नाही. मीही ठेवला नाही. तिच्या खोलीतला पंखा ऐकू येत होता, खाली कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. तिला माझ्याकडचं काय ऐकू येत असेल कोण जाणे. आमच्या घरात आता आवाजच नसतो.

शेवटी तीच म्हणाली, "ठेवते पप्पा."

मी म्हटलं, "ठेव."